ओकलंडची आंटी आणि अब्बांचे फटाके

2023च्या मे महिन्यात आपाच्या बाळंतपणासाठी मी कॅलिफोर्नियाला गेले. खरं तर अम्मीनेच जायचं होतं, पण तिचे गुडघे एवढा लांबचा प्रवास झेपू देत नव्हते. म्हणून तिच्या वाटणीचे डिंकाचे लाडू, अळीव, जुन्या साड्यांची दुपटी आणि सूचनांची लांबलचक यादी घेऊन मी निघाले. सोलापुरात कुणी विचारलं की अम्मी सांगायची, ‘ओकलंडजवळ गेलीय.’ शेजारच्या पोराने तिला सांगितलं की ते न्यूझीलंडला आहे, तिथे क्रिकेटचं मैदान आहे. अम्मीने घाबरून फोन केला, ‘तू नेमकी गेलीस कुठं?’ मग तिला समजावलं, ते ऑकलंड वेगळं, हे ओकलंड वेगळं. हे सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर, खाडीच्या अलीकडच्या काठाला आहे. आपा राहते ते हेवर्ड त्याच्याच दक्षिणेला, लोकल ट्रेनच्या मार्गावर.

तीन महिन्यांत मी अमेरिका अशी फारशी पाहिली नाही. बाळ, बाळाचे कपडे, आपाचं पथ्य आणि रात्रीची जागरणं यांतच दिवस गेले. पण एका संध्याकाळी बेसबॉलचा एक सामना पाहिला. त्याबद्दल लिहू लिहू म्हणता दोन वर्षं गेली. उशीर का झाला, ते या लेखाच्या शेवटी कळेल.

आपाच्या शेजारी एक बाई राहायच्या. वय पासष्टच्या आसपास, कृष्णवर्णीय, एकट्या. आयुष्यभर शहर बस चालवून निवृत्त झालेल्या. आपा त्यांना आंटी म्हणायची, मीही म्हणू लागले. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लुईझियाना सोडून जहाजबांधणीच्या कामावर ओकलंडला आले होते. त्या काळात दक्षिणेतली अनेक कृष्णवर्णीय कुटुंबं अशीच आली आणि ओकलंड त्यांचं गाव झालं. आंटींच्या घराच्या दारावर, गाडीवर, चहाच्या मगवर, सगळीकडे हिरव्या-पिवळ्या रंगात एकच अक्षर असायचं, ए. ओकलंड ॲथलेटिक्सचं ए. सगळे त्या संघाला ‘एज’ म्हणतात.

बेसबॉल मला कळत नव्हता. ‘मनीबॉल’ नावाचा ब्रॅड पिटचा सिनेमा पाहिला होता, तेवढंच. तो याच संघाच्या 2002च्या हंगामावर आहे. पैसा कमी, मग आकडेवारीच्या जोरावर स्वस्तातले खेळाडू निवडून संघ बांधला आणि सलग 20 सामने जिंकले, ती गोष्ट. आंटींना तो सिनेमा फारसा आवडत नाही. त्यांच्या मते सिनेमात मैदानावरच्या खेळाडूंपेक्षा कचेरीतल्या माणसांचंच कौतुक जास्त आहे.

आंटी बाळाला मांडीवर घेऊन संध्याकाळी रेडिओवर सामना ऐकायच्या. मला वाटलं आठवड्यातून एकदा असेल. पण सामना जवळपास रोजच. बेसबॉलचा एक संघ हंगामात 162 सामने खेळतो, त्यातले 81 आपल्या गावात. आपल्या आयपीएलच्या संघाचे घरच्या मैदानावर सातेक सामने होतात. त्याची जत्रा असते, येते आणि जाते. हे तसं नाही. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत संध्याकाळी कुकर लावावा तसा सामना लावायचा. हरले तर हरले, उद्या परत आहे. आंटी म्हणाल्या होत्या, ‘नवरा गेला तेव्हा घरात आवाज करणारं एवढंच उरलं होतं.’

आणि तो आवाज आता जाणार होता. एप्रिल 2023मध्ये संघाने जाहीर केलं होतं की आपण लास वेगासला जमीन घेतोय. अम्मीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘जुगाराच्या गावात? तौबा!’ आंटींना मी अम्मीचं मत इंग्रजीत सांगितलं. त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, ‘तुझ्या आईला माझा सलाम सांग.’

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण आपल्याकडे संघ असा उठून जात नाही. मुंबईचा रणजी संघ मुंबई क्रिकेट असोसिएशनचा आहे. उद्या कुणी उद्योगपती तो उचलून सुरतेला नेऊ शकत नाही. आयपीएलमध्ये मालक आले, पण तिथेही आपण संघ बंद पडलेले पाहिले, कोची टस्कर्स, डेक्कन चार्जर्स, पुणे वॉरियर्स. पुणे वॉरियर्स 2011 ते 2013 एवढंच जगली. तीन वर्षांच्या संघासाठी कोण किती रडणार? अमेरिकेत मात्र संघ ही मालकाची खासगी मालमत्ता आहे आणि ती शंभर शंभर वर्षं जुनी आहे. लीगमधल्या इतर मालकांनी मत दिलं की झालं. शहराला, प्रेक्षकांना मत नाही. शिवाय बेसबॉलच्या लीगला मक्तेदारीविरोधी कायद्यातून 1922पासून न्यायालयाने सूट दिलेली आहे. 1957मध्ये ब्रुकलिन डॉजर्स हा संघ असाच न्यूयॉर्क सोडून लॉस एंजेलिसला गेला. पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन 1947मध्ये खेळवणारा तो संघ. तीन वर्षांत त्याचं ब्रुकलिनमधलं मैदान पाडून टाकलं. तिथली म्हातारी माणसं पुढे कित्येक वर्षं त्या जाण्याबद्दल बोलत राहिली.

ओकलंडला तर हा तिसरा धक्का होता. बास्केटबॉलचा वॉरियर्स संघ 2019मध्ये खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेला. अमेरिकन फुटबॉलचा रेडर्स 2020मध्ये लास वेगासला. तिन्ही संघ एकाच आवारात खेळायचे. आता शेवटचा उरलेलाही निघाला होता.

मालकाचं म्हणणं काय होतं? मालक जॉन फिशर, गॅप या कपड्यांच्या दुकानांच्या साखळीचे संस्थापक असलेल्या कुटुंबातला. त्याच्या बाजूने सांगायचं तर मैदान खरोखर म्हातारं झालं होतं. ओकलंड कोलिझियम 1966चं बांधकाम. 2013मध्ये खेळाडूंच्या खोल्यांत सांडपाणी तुंबून वर आलं होतं. त्या वर्षी, म्हणजे 2023मध्ये, समालोचकांच्या खोलीच्या भिंतीत पॉसम नावाचा एक प्राणी घर करून राहत होता. बंदराजवळ हॉवर्ड टर्मिनलला नवं मैदान बांधायची बोलणी शहराशी अनेक वर्षं चालली होती, ती तुटली. शहराचंही चुकलं असेल. पण या सगळ्यात एक मुद्दा सारखा यायचा, ओकलंडचे लोक मैदानात येतच नाहीत. रिकामे स्टँड दाखवले जायचे. मे महिन्यातल्या एका सामन्याला फक्त 2,064 लोक होते. बघा, यांना संघ नकोच आहे.

आंटी यावर चिडायच्या. म्हणायच्या, ‘आधी आमचे चांगले खेळाडू एकेक करून देऊन टाकले. मग तिकीट वाढवलं. मग सांगितलं, आम्ही जाणार. आणि आता विचारतात, लोक का येत नाहीत?’ त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. 2022च्या हंगामाआधी मॅट ओल्सन, मॅट चॅपमन यांच्यासारखे खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन झाले होते. संघाचा पगारावरचा खर्च सगळ्या लीगमध्ये तळाला होता. 2023मध्ये हा संघ 162पैकी 112 सामने हरला.

मग चाहत्यांनी एक दिवस ठरवला, 13 जून, मंगळवार. त्याला नाव दिलं ‘उलटा बहिष्कार’. बहिष्कारात माणसं येत नाहीत. यात सगळ्यांनी यायचं. मालकाला आणि जगाला दाखवायचं की आम्ही आहोत, मेलेलो नाही. आंटींनी आमच्यासाठीही तिकिटं काढली. आपा बाळाजवळ राहिली. दुलाभाई, मी आणि आंटी निघालो. मी खिमा पॅटिस करून घेतले होते, कारण तिथे आपल्याला चालेल असं काय मिळणार याची खात्री नव्हती.

कोलिझियम स्टेशनवर उतरलं की एक लांब, जाळीचा पूल थेट मैदानावर नेतो. त्या पुलावर दुपारीच मुंगीला शिरायला जागा नव्हती. खाली गाड्यांच्या आवारात लोकांनी शेगड्या मांडल्या होत्या. चाहत्यांचे गट हिरवे टी-शर्ट फुकट वाटत होते. त्यावर इंग्रजीत एकच शब्द, ‘विका’. संघ विक आणि तू जा, आम्हाला सोड. मलाही एक मिळाला. ओढणीवरून तो घालणं जमेना, तेव्हा आंटींनी तो माझ्या खांद्यावर शालीसारखा टाकला. माझे पॅटिस पाच मिनिटांत संपले. एक मेक्सिकन आजोबा दुसऱ्यांदा मागायला आले, तेव्हा डबा रिकामा पाहून त्यांनी मला स्वतःकडचं भाजलेलं कणीस दिलं.

आत गेल्यावर जे पाहिलं ते विसरता येत नाही. सिमेंटचं, बेढब, म्हातारं मैदान. एका बाजूला 1990च्या दशकात फुटबॉलसाठी उभारलेली उंच भिंतच्या भिंत. आंटी म्हणाल्या, तिच्यामुळे डोंगर दिसेनासे झाले. पण स्टँड भरलेले. ढोल वाजत होते, झेंडे फिरत होते. 27,759 माणसं आली होती. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला ठरल्याप्रमाणे सगळे गप्प झाले. एवढी माणसं एकदम गप्प झाली की कानात शिट्टी वाजते. मग पहिला फलंदाज झाला आणि सगळं मैदान एका सुरात ओरडू लागलं, ‘संघ विका! संघ विका!’ आंटी उभ्या राहून ओरडत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मीही ओरडले. मला कशाचं काही देणंघेणं नव्हतं, तरी घसा बसेपर्यंत ओरडले.

साडेआठला मगरीब झाली. दुलाभाई आणि मी स्टँडच्या मागच्या मार्गिकेत एक कोपरा शोधला. आंटी आमच्या चपला आणि पिशव्या घेऊन पहारा देत उभ्या राहिल्या. वर हजारो पाय आपटत होते, सजद्यात गेलं की कपाळाला ते जाणवायचं. परत आलो तर आंटींनी विचारलं, ‘आमच्यासाठी काही मागितलंस?’ मी म्हटलं, ‘मागितलं.’ खरंच मागितलं होतं.

त्या दिवशी त्या दुबळ्या संघाने लीगमधल्या त्या वेळच्या सगळ्यात जोरदार टॅम्पा बे रेजला 2-1 ने हरवलं. सलग सातवा विजय. लोक बाहेर पडायला तयार नव्हते.

परतीच्या गाडीत दुलाभाई खुशीत होते. म्हणाले, ‘आता तर मानावंच लागेल ना त्यांना!’ आंटी काही बोलल्या नाहीत. मी मात्र खिडकीतून बाहेर बघत वेगळ्याच जागी पोचले होते, 2003च्या मार्चमध्ये.

सोलापुरात चौकात अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. दुकानात छोटा टीव्ही. 1 मार्चला विश्वचषकातला भारत-पाकिस्तान सामना होता, सेंच्युरियनला. सईद अन्वरने शतक केलं, पाकिस्तानच्या 273 धावा झाल्या, आणि मग सचिनने 75 चेंडूंत 98 केल्या. तो बाद झाला तेव्हा अब्बांनी हातातली कात्री खाली ठेवली आणि डोक्यावरची टोपी काढून गल्ल्यावर ठेवली, एवढं मला आठवतं. सामना जिंकला आणि चौकात पहिली फटाक्यांची माळ अब्बांनी लावली. ती त्यांनी सकाळीच आणून ठेवली होती. मी आठवीत होते. त्या रात्री माझ्याएवढं खूश कुणी नसेल.

सोमवारी शाळेत एका सरांनी हजेरी घेता घेता माझ्या नावाला थांबून विचारलं, ‘काय गं, तुमच्या मोहल्ल्यात परवा काय वातावरण होतं?’ वर्ग हसला. मी उभी राहून ताठ मानेनं सांगितलं, ‘सर, अब्बांनी सगळ्यात आधी फटाके वाजवले.’ सर म्हणाले, ‘अरे वा! शाब्बास!’ आणि पुढचं नाव घेतलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचे वडील सामन्याच्या वेळी झोपले होते. त्यांना क्रिकेट आवडतच नाही. तिला कुणी काही विचारलं नाही.

शाब्बास मिळाल्याचा आनंद मला बरेच दिवस पुरला. मग कधीतरी कॉलेजात गेल्यावर तो नासला. अब्बांनी माळ सकाळीच का आणून ठेवली होती? पहिली माळ आपल्याच दुकानासमोर वाजली पाहिजे याची त्यांना एवढी घाई का होती? मला वाटू लागलं की अब्बांनी आनंद केला नाही, पुरावा दिला. आणि तेव्हापासून भारत-पाकिस्तान सामना मला नीट पाहता आलेला नाही. चांगला फटका पाहिला तरी मनात पहिला विचार येतो, आता मी टाळी वाजवली तर ती कुणाला दिसेल आणि नाही वाजवली तर कोण मोजेल. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. बाकीच्यांना समजून घ्यावं अशी विनंती.

म्हणून त्या गाडीत मला दुलाभाईंसारखं खूश होता येत नव्हतं. 27,759 माणसांनी आज पुरावा दिला होता. पण ज्याने तुमचं प्रेम मोजायचं ठरवलंय, त्याच्याकडे माप त्याचं असतं. आणि झालंही तसंच. त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने नव्या मैदानासाठी सरकारी पैशाचं विधेयक मंजूर केलं होतं, 38 कोटी डॉलरपर्यंत. 15 तारखेला राज्यपालांची सही झाली. लीगचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांना त्या गर्दीबद्दल विचारलं, तेव्हा त्यांच्या बोलण्याचा सूर असा होता की चला, एका दिवसापुरती तरी तिथे इतर शहरांत रोज असते तेवढी गर्दी झाली. नोव्हेंबरमध्ये लीगच्या मालकांनी एकमताने स्थलांतराला मंजुरी दिली. एकही मत विरोधात पडलं नाही.

ते मॅनफ्रेड यांचं वक्तव्य टीव्हीवर लागलं तेव्हा मी आंटींच्याच घरी होते. मला फार राग आला. मी म्हटलं, ‘आंटी, तुम्ही एवढं करून दाखवलं, काय उपयोग झाला? त्यांना पुरावा नकोच होता.’

आंटींनी टीव्हीचा आवाज बंद केला. म्हणाल्या, ‘हनी, तुला वाटलं आम्ही त्याच्यासाठी गेलो होतो? मी बस चालवायचे. मला माहीत आहे, ज्या मार्गाची फेरी बंद करायची ठरते तिथे आधी बसची संख्या कमी करतात, मग प्रवासी मोजतात. मी काय त्याला दाखवायला गेले होते? मला माझी माणसं एकदा एकत्र बघायची होती. नवरा आणि मी जिथे बसायचो, तिथे परत एकदा भरलेल्या मैदानात बसायचं होतं. तो माणूस बघत होता की नव्हता, मला काय त्याचं?’

मी गप्प बसले. पटलं असं नाही. तेव्हा वाटलं, ही म्हातारपणची समजूत आहे.

जुलैच्या शेवटी मी परत आले. पुढच्या वर्षी, 26 सप्टेंबर 2024ला, कोलिझियमवरचा शेवटचा सामना झाला. तिथे गुरुवारची दुपार, इथे रात्रीचा एक वाजलेला. आपाने आंटींबरोबर तिकीट काढलं होतं आणि मधूनमधून ती मला व्हिडिओ कॉल लावत होती. 46,889 प्रेक्षक. पहिला चेंडू टाकायला दोन जुने खेळाडू आले, डेव्ह स्टुअर्ट आणि रिकी हेंडरसन, दोघेही ओकलंडचेच. रिकी याच शहरात वाढलेला, आंटींच्याच वयाचा. सगळ्यात जास्त बेस चोरण्याचा विक्रम त्याच्या नावावर आहे, 1,406. बेस चोरणं म्हणजे गोलंदाजाची नजर चुकवून पुढच्या टप्प्यावर धावत जाणं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो वारला. आंटी आपाला म्हणाल्या, ‘शेवटचं घर चोरायला गेला.’

सामना ओकलंडने 3-2 असा जिंकला. संपल्यावर प्रशिक्षक मार्क कॉट्से मैदानावर माइक घेऊन आले आणि त्यांनी शेवटची घोषणा लोकांकडून म्हणवून घेतली, ‘लेट्स गो ओकलंड’. आपाच्या फोनमधून तो आवाज फाटून येत होता. लोक जागचे हलत नव्हते. कुणी मैदानाची माती कपात भरून घेत होतं. आंटींनाही मिळाली. त्यांनी ती रिकाम्या मसाल्याच्या बाटलीत भरली. बाटली आपाने दिली होती, तिच्यावर अजून ‘धना पावडर’ असं मराठीत लिहिलेलं आहे.

फोन ठेवला तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. झोप येणार नव्हती. फजरला अवकाश होता. मी अंगणात बसले आणि पहिल्यांदा उलटं काहीतरी सुचलं. आपल्याकडे माणसं जातात आणि गाव राहतं. माझे मामू दुबईला गेले, आपा अमेरिकेला गेली. पण सुट्टीत यायला, भांडायला, दफन व्हायला गाव जागेवर असतं. पैगंबरसाहेबांना मक्का सोडावी लागली, तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ज्याला जावं लागतं त्याच्या दुःखाला आपल्याकडे शब्द आहे, हिजरत. पण जो जागेवर राहिला आणि त्याच्या पायाखालून त्याचं गावच उठून गेलं, त्याच्या दुःखाला शब्द काय?

हेही खरं की हा संघ ओकलंडचा तरी मूळचा कुठे होता? 1901 ते 1954 तो फिलाडेल्फियाचा होता. 1955 ते 1967 कॅन्सस सिटीचा. 1968मध्ये ओकलंडला आला, तेव्हा आंटी दहा वर्षांच्या होत्या आणि वडिलांच्या खांद्यावरून त्यांनी मैदान पाहिलं होतं. नंतर 1972, 73, 74 असा तीनदा सलग जगज्जेता, मग 1989मध्ये पुन्हा. मी एकदा आंटींना हे विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ‘हो. कॅन्सस सिटीत माझ्यासारखीच एखादी पोरगी रडली असेल. तेव्हा मला तिचा विचार करायचं सुचलं नाही. आता सुचतं.’

आज तो संघ सॅक्रमेंटोला एका लहान मैदानात खेळतो, जिथे जेमतेम चौदा हजार माणसं मावतात. लास वेगासचं मैदान 2028मध्ये तयार व्हायचं आहे. तोवर त्याच्या नावात कुठल्याही शहराचं नाव नाही. नुसतं ‘ॲथलेटिक्स’. बेपत्ता माणसासारखं.

मी विचार करते, अशा गोष्टी वक्फ असायला हव्यात. वक्फ म्हणजे काय, तर एकदा लोकांसाठी दिलं की ते विकता येत नाही, वारसाला देता येत नाही. मुतवल्ली सांभाळतो, पण मालक होत नाही. हे लिहिताना मला हसू येतंय, कारण आपल्या गावोगावच्या वक्फच्या जमिनींचं काय झालं आणि कुठल्या मुतवल्लीने किती विकल्या, हे वाचकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी कल्पना वाईट नाही. अमेरिकेतही ती अगदीच परकी नाही. फुटबॉलमध्ये ग्रीन बे पॅकर्स नावाचा संघ आहे, 1923पासून तो तिथल्या लोकांच्याच मालकीचा आहे. ग्रीन बे हे लहानसं शहर, पण तो संघ कुणी हलवू शकलेला नाही.

आणि ओकलंडमध्येही 2024मध्ये एक नवा, छोटा संघ सुरू झाला, ओकलंड बॉलर्स. मोठ्या लीगमधला नाही, खूप खालच्या पायरीवरचा. वेस्ट ओकलंडमधलं रायमंडी पार्क नावाचं जुनं सार्वजनिक मैदान नीट करून तिथे तो खेळतो. त्याचे समभाग सामान्य चाहत्यांनाही घेता आले. आंटींनीही थोडे घेतले. पेन्शनीतून. 2025च्या सप्टेंबरमध्ये त्या संघाने आपल्या लीगचं विजेतेपद मिळवलं. आंटी आपाच्या लेकाला घेऊन जातात. तो अडीच वर्षांचा आहे, त्याला फक्त ढोल आवडतात. मी आपाला विचारलं, ‘आंटींना आता बरं वाटतं का?’ आपा म्हणाली, ‘बरं वाटतं. पण धना पावडरची बाटली टीव्हीजवळच आहे.’

विजेतेपदाचा व्हिडिओ आपाने पाठवला, तो मी अब्बांना दाखवला. अब्बा आता दुकानात बसत नाहीत, डोळ्यांना सुई दिसत नाही. व्हिडिओत लोक नाचत होते. मी आंटींची सगळी गोष्ट अब्बांना सांगितली, त्या बोलल्या तेही. आणि मग बावीस वर्षं विचारायचं राहून गेलेलं विचारलं, ‘अब्बा, 2003ला तुम्ही सकाळीच फटाके आणून ठेवले होते. लोकांना दाखवायला?’

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘थोडं लोकांना दाखवायला. खोटं कशाला बोलू?’ आणि पुन्हा थांबून आमच्या घरच्या बोलीत म्हणाले, ‘लेकिन सचिन ने अठ्याण्णव मारे थे, बेटा. फटाके नै फोडता तो क्या करता?’

मग ते चष्मा पुसत विचारू लागले की त्या दिवशी शोएबला मारलेला तो थर्ड मॅनवरचा षटकार तुझ्या फोनवर मिळतो का. मिळाला. आम्ही दोघांनी तो चार वेळा पाहिला. चौथ्या वेळी मी टाळी वाजवली. घरात दुसरं कुणी नव्हतं.